लहान मुलांना प्रार्थना शिकवताना: पाळण्यापासून तिसरीपर्यंत

पाहुणे आले की आपल्याकडे पोराला हाक मारली जाते. आधी एखादी कविता, मग इंग्रजी ऱ्हाइम, आणि घर ख्रिस्ती असेल तर शेवटी हमखास, "ये बाळा, प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव पाहू." चार वर्षांचं मूल 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून 'आमेन'पर्यंत एका दमात पळत सुटतं. टाळ्या पडतात, मावशी हातावर चॉकलेट ठेवते. मुलाला खरोखर प्रार्थना करायला शिकवायचं असेल तर आधी हे बंद करा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने ही प्रार्थना शिकवली, त्याच्या चारच ओळी आधी लोकांनी पाहावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्याने सुनावलं आहे. खोलीत जा, दार लाव आणि मग पित्याशी बोल, असं तो म्हणतो. तीच प्रार्थना आपण दिवाणखान्यात टाळ्यांसाठी म्हणून घेतो!

मी बरीच वर्षं चर्चमधल्या संडे स्कूलचा सगळ्यात लहान वर्ग घेते. सगळं पाठ असलेली मुलं तिथे पुष्कळ येतात. "आज देवाला काय सांगायचंय?" असं विचारलं की त्यांतली बरीच गप्प होतात. पाठ केलेली प्रार्थना हवीच, तिच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण आपल्या मनातलं आपल्या शब्दांत देवाला सांगता येतं, हे मुलाला त्याआधी किंवा निदान त्यासोबत तरी कळलं पाहिजे.

आधी मोठ्यांनी बसायचं

लूकच्या अकराव्या अध्यायात शिष्यांपैकी एक जण येशूला म्हणतो, "प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा." हे तो कधी म्हणतो, तर येशू एका ठिकाणी प्रार्थना करत होता, ती संपल्यावर. म्हणजे आधी त्यांनी त्याला प्रार्थना करताना पाहिलं आणि मग मागणी केली. घरातही हाच क्रम चालतो. आई-बाबा स्वतः कधी बसत नसतील आणि मुलाला मात्र रोज रात्री हात जोडायला लावत असतील, तर दात घासणं आणि गृहपाठ यांच्या यादीत आणखी एक काम वाढतं, एवढंच.

त्यातही बाबांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. आपल्या बहुतेक घरांत प्रार्थना आई नाहीतर आजी घेते. बाबा शेजारी मोबाईल बघत असतात, किंवा "तुम्ही करून घ्या, मी आलोच" म्हणतात. सात-आठ वर्षांचा मुलगा हे पाहून प्रार्थना हे बायकांचं काम आहे असा निष्कर्ष काढतो, आणि पुढे तो पुसणं फार अवघड जातं. बाबांना सुंदर शब्द सुचत नसतील तर राहू द्या. "प्रभू, आज फार दमलोय. घरी सुखरूप आणलंस, आभार. आमेन." एवढं त्यांनी मुलाच्या शेजारी बसून मोठ्याने म्हटलं तरी मुलगा ते लक्षात ठेवतो.

आजी-आजोबांची गोष्ट निराळी. त्यांची प्रार्थना लांब असते आणि तिची भाषाही वेगळी असते: "हे दयाळू, कनवाळू स्वर्गीय पित्या, आम्ही दीन लेकरे तुझ्या चरणी येतो..." मुलांना त्यातलं निम्मं कळत नाही. तरी ती कानावर पडू द्या, त्या भाषेला एक लय आहे आणि ती मुलांच्या अंगात मुरते. फक्त वीस मिनिटांच्या त्या प्रार्थनेत तीन वर्षांच्या मुलाने डोळे मिटून ताठ बसावं, अशी अपेक्षा धरू नका. त्याला मांडीवर घ्या, झोप लागली तर लागू द्या.

वेळ ठरवा, जागा ठरवा, आणि छोटी ठेवा

दिवसातून दोनच ठिकाणी सुरुवात करा: रात्रीचं जेवण आणि झोपायच्या आधी. सकाळी डबा, बूट, स्कूल व्हॅनचा हॉर्न, यांत कुणाचंच मन थाऱ्यावर नसतं. सकाळी गेटपाशी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून "प्रभू तुझ्याबरोबर राहो" एवढंच म्हणा, पुरे झालं.

लांबीचा माझा ढोबळ हिशोब असा: तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी दोन-तीन वाक्यं, चार-पाच वर्षांच्या मुलासाठी एखाद मिनिट, आणि पहिली-दुसरीतल्या मुलासाठी गाणं आणि एखादं वचन धरून पाच मिनिटं. मूल चुळबुळ करायला लागायच्या आधी 'आमेन' झालं पाहिजे. घरात रोजची कौटुंबिक प्रार्थना असेल तर मुलांचा भाग सुरुवातीला घ्या. नंतर ती खेळायला गेली तरी चालेल, मोठ्यांनी आपलं शास्त्रवाचन निवांत करावं.

डोळे मिटणं आणि हात जोडणं शिकवावं, कारण त्याने लक्ष लागतं. पण त्यासाठी हातावर चापट नको. पवित्र शास्त्रात लोक गुडघे टेकतात (दानिएल दिवसातून तीनदा टेकायचा), उभं राहूनही प्रार्थना करतात आणि जमिनीवर पालथे पडूनही. शमुवेलची आई हन्ना मंदिरात नुसते ओठ हलवत होती, तर एली याजकाला वाटलं की ती प्यायली आहे. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, खो-खो हसतात. आणि आवाज न काढताही देवाशी बोलता येतं, हे त्यांना हसता हसता कळतं.

एक डोळा किलकिला करून दादा डोळे मिटून बसलाय की नाही हे तपासणारं मूल प्रत्येक घरात असतं. प्रार्थना संपल्यावर ते तक्रार करतं, "आई, यानं डोळे मिटले नव्हते." तुला कसं कळलं, एवढंच विचारायचं.

दीड ते तीन: नक्कल आणि नावं

या वयात शिकवायचं असं फार नसतं. मूल नक्कल करतं. तुम्ही हात जोडले की तेही जोडतं, आणि 'आमेन' हा बहुतेकांचा प्रार्थनेतला पहिला शब्द असतो, तोही जोरात ओरडून. ओरडू द्या.

झोपताना नावांची प्रार्थना करा. "येशू, आईला सांभाळ. बाबांना सांभाळ. आजीला सांभाळ..." तुम्ही नाव घ्यायचं आणि 'सांभाळ' मुलाने म्हणायचं. काही दिवसांत नावंही तेच सुचवायला लागतं, आणि मग यादीत भूभू येतो, पाण्याची टाकी येते, जेसीबी येतो. एका मुलाने माझ्या वर्गात रिक्षासाठी प्रार्थना केली होती, तीही रोजची, कारण ती बिघडली की बाबा घरी वैतागून यायचे. हसू आलं तरी दाबा. पोराच्या लेखी ती खरी मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना असते.

त्यानंतर बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद, जो उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब देतात, तो मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणा: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो." पुढची ओळ आज नाही म्हटली तरी चालेल. दोन वर्षांच्या मुलाला अर्थ कळत नाही, पण हात कळतो. मूल मोठं झालं तरी ही सवय सोडू नका. दहावीच्या परीक्षेला निघालेला उंच मुलगा दारात मान खाली घालून उभा राहतो, ते मी पाहिलंय.

चार ते सहा: तीन प्रश्न

हे शिकवण्याचं खरं वय. मूल बोलू लागलेलं असतं आणि लाजायला अजून शिकलेलं नसतं. "प्रार्थना कर" म्हटलं तर ते पाठ केलेलं म्हणतं. म्हणून प्रार्थनेआधी गप्पा मारा आणि तीनच प्रश्न विचारा. आज काय छान झालं? आज काय वाईट झालं, कशाची भीती वाटली? उद्या कशासाठी देवाची मदत हवी?

समजा मूल म्हणालं, "आज टीचरने मला स्टार दिला. पण आर्यनने मला ढकललं. आणि उद्या डॉक्टरकडे जायचंय." झाली की प्रार्थना तयार! "हेच येशूला सांग," एवढंच म्हणायचं. ते म्हणेल: "येशू, स्टार दिला, थँक्यू. आर्यनने ढकललं. उद्या इंजेक्शन नको. आमेन." यात एक शब्दही दुरुस्त करू नका. 'येशूच्या नावाने मागतो' विसरलं तर तुमच्या प्रार्थनेच्या शेवटी तुम्ही म्हणा, ऐकून ऐकून तेही म्हणायला लागेल.

आभार मानायला मुलं पटकन शिकतात, पण लवकरच 'सगळ्यासाठी थँक्यू' असं गुळगुळीत होऊन जातं. त्यावर उपाय म्हणजे नेमकेपणा. 'जेवणासाठी आभार' यापेक्षा 'आजच्या भेंडीसाठी आभार' म्हणायला लावा. भेंडी आवडत नसेल तर "भेंडी आवडली नाही, पण आईने केली म्हणून आभार" हेही चालेल, खोटं बोलण्यापेक्षा बरंच. लूकमधली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट इथे सांगावी. दहाही बरे झाले आणि एकटाच परत येऊन पाया पडला. मुलं लगेच विचारतात, "बाकीचे नऊ कुठे गेले?" येशूनेही हाच प्रश्न विचारला होता, हे सांगितलं की त्यांना फार मजा वाटते.

कंटाळा आला की स्तोत्र 136 वापरा. त्यात सव्वीस ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद, 'त्याची दया सनातन आहे'. पहिला भाग तुमचा, पालुपद मुलांचं. दोन-तीन ओव्या झाल्या की घरच्या घाला: "त्याने आज पाऊस पाडला..." मुलं ओरडतात, "त्याची दया सनातन आहे!" "त्याने ताईचा ताप उतरवला..." "त्याची दया सनातन आहे!" आमच्या वर्गात हे सुरू झालं की थांबवावं लागतं.

ताटावरची प्रार्थना

रोज तीच म्हणायची असेल तर लहान आणि पाठ होणारी ठेवा. मी वर्गात ही देते:

"हे प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार. ज्यांनी पिकवलं, ज्यांनी शिजवलं, त्यांना आशीर्वाद दे. जे आज उपाशी आहेत त्यांना भाकर दे, आणि आमच्यातली द्यायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने, आमेन."

वारांनुसार पाळी लावा, नाहीतर भावंडांची "आज माझी" म्हणून ताटावरच जुंपते. ज्याची पाळी असेल त्याला दुसरी कुठली प्रार्थना म्हणायची असेल तर तीही चालेल. आणि वाढलेलं वरण गार होईपर्यंत ताटावर जगाच्या सगळ्या गरजा मांडू नका.

प्रभूची प्रार्थना: आठवड्याला एक ओळ

पाठ करून घ्या, पण सावकाश. एक आठवडा, एक ओळ. रोज रात्री तेवढीच म्हणायची आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' माझा एकट्याचा पिता म्हटलेलं नाही, 'आमच्या' म्हटलंय, हे मुलांच्या ध्यानात आणून द्या. शेजारच्या बाकावर बसून पेन्सिल पळवणारासुद्धा त्यात आला. ज्या मुलाचे बाबा घर सोडून गेलेत, किंवा घरी आल्यावर मारतात, त्याला 'पिता' म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतात. अशा मुलाला "देव तुझ्या बाबांसारखा" असं कधीही सांगू नका. येशूने मुलांना जवळ घेतलं, मांडीवर घेतलं, आशीर्वाद दिला, ती मार्कच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट सांगा आणि तिथून पुढे चला.

'तुझे राज्य येवो' ही ओळ या वयात अवघड जाते. जिथे कुणी कुणाला मारत नाही, कुणी उपाशी झोपत नाही, असं सगळीकडे होऊ दे, एवढा अर्थ पुरतो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही सगळ्यात सोपी. त्या आठवड्यात एक दिवस भाकरी थापताना मुलाला ओट्याजवळ उभं करा, पिठाचा गोळा हातात द्या, आणि हीच ओळ म्हणा. खाली सांडेल, सांडू द्या.

'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ सगळ्यात गहन, आणि मुलांना ती उधारीवरूनच कळते. "तू दादाची दोन गोट्यांची उधारी ठेवलीस, त्याने सोडून दिली. आता धाकटीने तुझी एक बुडवली, तू काय करशील?" यावर पाच वर्षांची मुलंही तावातावाने वाद घालतात. घालू द्या. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्षमा न करणारा चाकर त्याच आठवड्यात वाचा.

'परीक्षेत आणू नको' म्हणजे शाळेची परीक्षा, असं दरवर्षी कुणीतरी समजतंच. 'वाईट करायचा मोह होईल तेव्हा मला आवर' असं सांगा. शेवटी 'राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत' हे तालात म्हणवून घ्या. कॅथलिक घरांत ही ओळ प्रार्थनेला थेट जोडून म्हणत नाहीत. मामाकडे वसईला गेलेलं मूल तिथे एकटंच पुढे म्हणत राहिलं आणि गोंधळलं, तर दोन्ही रिती बरोबर आहेत एवढं सांगितलं की झालं.

गाणं आणि जपमाळ

मराठी ख्रिस्ती घरांना गाण्याचा वारसा मोठा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) पेटी-तबल्यावर म्हणायची भजनं आणि अभंग लिहिले आणि आपली उपासना आपल्या सुरांत आणली. 'फुलामुलांचे कवी' म्हणून त्यांची ओळख होती. प्रार्थनेची सुरुवात एका भजनाच्या दोन ओळींनी करा. चाल चुकली तरी बिघडत नाही, पण मोबाईलवर लावून मुलाला नुसतं ऐकवू नका, स्वतः गा. टाळ, खंजिरी, नाहीतर स्टीलचा डबा, काहीतरी मुलाच्या हातात द्या.

कॅथलिक घरांत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि संध्याकाळी सगळं घर एकत्र बसतं. पाच दशकांची पूर्ण माळ चार वर्षांच्या मुलाला झेपत नाही. एक दशक, म्हणजे दहा 'नमो मारिया', एवढंच त्याच्या वाट्याला द्या. मणी त्याच्या बोटाने पुढे सरकू दे आणि प्रत्येक मण्याला त्याने एका माणसाचं नाव घ्यावं. दहा मणी, दहा माणसं. ही रीत प्रोटेस्टंट घरांतही बोटांवर वापरता येते, त्यात कुणाला अडचण वाटू नये.

दुसऱ्यांसाठी: हाताची पाच बोटं

पाच-सहा वर्षांपासून ही युक्ती उत्तम चालते आणि कित्येक देशांत वापरली जाते. हात जोडले की अंगठा आपल्या सगळ्यात जवळ येतो, म्हणून आधी घरच्यांसाठी प्रार्थना. तर्जनी वाट दाखवते: शिक्षक, डॉक्टर, पाळक. मधलं बोट सगळ्यात उंच: गावाचं, राज्याचं, देशाचं काम पाहणारे. अनामिका एकटी नीट उचलतच नाही, करून बघा. ती आजारी, म्हातारे, दुःखी माणसांसाठी. शेवटी करंगळी, म्हणजे मी. रोज पाचही बोटं घेऊ नका. सोमवारी अंगठा, मंगळवारी तर्जनी, अशी वाटून घ्या.

सहा-सात वर्षांच्या मुलाला एक छोटी वही करून द्या. डाव्या पानावर तारीख आणि काय मागितलं, लिहिता येत नसेल तर चित्र. उजवं पान रिकामं. महिन्याने उलटून बघा, काय झालं ते उजवीकडे लिहा. काही पानं रिकामीच राहतात. त्यावरूनच पुढचा विषय निघतो.

मागितलं आणि मिळालं नाही तेव्हा

संडे स्कूलमध्ये एक ठरीव उत्तर चालतं: देव कधी 'हो' म्हणतो, कधी 'नाही', कधी 'थांब'. सायकल मागितली असेल तर हे उत्तर बरं आहे. पण मुलाने दोन महिने "आजोबांना बरं कर" म्हटलं आणि आजोबा गेले, तेव्हा "देव नाही म्हणाला" हे वाक्य त्याच्यापुढे टाकू नये असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षांचं मूल त्यातून एवढंच ऐकतं की देवाला आजोबा नको होते, किंवा आपण नीट प्रार्थना केली नाही. दुसरी शंका जास्त वाईट, आणि मुलं ती बोलून दाखवत नाहीत. म्हणून तुम्हीच आधी सांगा: "तुझी प्रार्थना कमी पडली नाही. तू प्रार्थना केलीस म्हणून किंवा केली नाहीस म्हणून आजोबा गेले नाहीत." मग मला ठाऊक नाही, हेही सांगा. "देवाने असं का होऊ दिलं ते मला कळत नाही. मलाही रडू येतंय. चल, हेच त्याला सांगू."

स्तोत्र 13 याच कामाचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत दावीद 'कोठवर?' असं पुन्हा पुन्हा विचारतो. देवावर रागावलेलं मूल देवापासून लांब गेलेलं नसतं, त्याच्याशी बोलतच असतं. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर असं मागितलं होतं. प्याला टळला नाही. ही गोष्ट नाताळच्या नाटकात येत नाही, पण मुलांना सांगायला हवी.

आजारपणातली एक गोष्ट राहिलीच. ताप आला की डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, आणि त्याच हाताने थर्मामीटर लावा. डॉक्टरकडे नेताना रिक्षात बसून "डॉक्टरांना नीट कळू दे" अशी प्रार्थना करा. प्रार्थना केली म्हणून औषध नको, हे मुलाने आपल्या तोंडून कधीही ऐकता कामा नये.

हे टाळा

प्रार्थनेतून रागावणं. "हे प्रभू, आमच्या सोनूला चांगली बुद्धी दे, तो आज खोटं बोलला, ताईला चावला..." हे मोठ्याने, सोनू शेजारी हात जोडून बसलेला असताना. हा देवाच्या आडून दिलेला फटका आहे आणि सोनूला तो बरोबर कळतो. जे बोलायचं ते सोनूशी सरळ बोला, आणि प्रार्थनेत "आज मी पण चिडून ओरडले, माफ कर" असं आधी स्वतःचं सांगा. मुलाला सगळ्यांसमोर पापकबुली द्यायला लावू नका. "आज काही चुकलं असेल तर मनातल्या मनात सांग," म्हणा आणि दहापर्यंत अंक मोजाल इतका वेळ गप्प बसा. तुम्ही त्याच्यावर विनाकारण हात उगारला असेल तर आधी त्याची माफी मागा, मग देवाची. क्रम महत्त्वाचा.

"येशू बघतोय हं, शिक्षा करेल" हे पोलीसकाकांच्या धाकासारखं वापरू नका. ज्याची सतत भीती घातली, त्याच्याजवळ रात्री मन मोकळं करायला कोण जाईल? प्रार्थना ही शिक्षा म्हणूनही नको: "भांडलात ना, आता गुडघ्यावर बसा आणि प्रार्थना करा." इंग्रजी माध्यमातून घरात आलेल्या एका जुन्या झोपेच्या प्रार्थनेत झोपेत मरण आलं तर आत्मा घे, अशा अर्थाची ओळ आहे. काही चार वर्षांची मुलं ती ऐकून झोपायलाच घाबरतात. तेवढी ओळ गाळा.

कुठल्या भाषेत, आणि शेजारी आरती असताना

मूल ज्या भाषेत भांडतं आणि रडतं, त्या भाषेत त्याने प्रार्थना करावी. पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या आपल्या घरांत ती आता बऱ्याचदा इंग्रजी असते, नाहीतर सरमिसळ. देवाला सरमिसळ कळते. मात्र प्रभूची प्रार्थना, स्तोत्र 23 आणि एखादं भजन, एवढं तरी मराठीत येऊ द्या, म्हणजे गावी आजीच्या शेजारी बसल्यावर मूल परकं होत नाही.

गणपतीच्या दिवसांत सोसायटीत आरती सुरू झाली की मूल विचारतंच, आपण का नाही करत? "आपण येशूजवळ प्रार्थना करतो, त्यांची रीत वेगळी आहे" असं साध्या आवाजात सांगा. शेजाऱ्यांच्या श्रद्धेची टिंगल मुलाच्या कानावर पडू देऊ नका. बालवाडीतून ऐकून ते कधी 'येशू बाप्पा' म्हणेल. त्यावर दचकू नका, पोरगं लाडाने हाक मारतंय.

'मला नाही करायची'

चार वर्षांचं मूल हे म्हणणारच. उत्तर एकच: "बरं, आज मी करते, तू नुसता बस." पुन्हा विचारायचं नाही, रुसायचं नाही, आमिषही नाही. सलग बरेच दिवस नकार आला तर वेळ बदलून बघा, बहुतेकदा मूल फक्त पेंगुळलेलं असतं.

सात-आठ वर्षांचं मूल मोठ्याने प्रार्थना करायला लाजू लागतं, विशेषतः मुलगे. हे त्या वयाचंच आहे. त्याला मनातल्या मनात करू द्या आणि 'आमेन' तेवढं मोठ्याने. पाण्यात बुडताना येशूचा शिष्य पेत्र "प्रभूजी, मला वाचवा" एवढंच म्हणाला होता. शाळेत पेपर हातात पडल्यावर, खेळात पडल्यावर, एकटं वाटल्यावर अशी एका श्वासाची प्रार्थना करता येते, हे या वयात शिकवा. नंतर "काय मागितलंस?" म्हणून खोदून विचारू नका.

मे महिन्यात गावी गेलं की सगळी घडी मोडते. पाहुणे, लग्नं, गच्चीवर उशिरापर्यंतचा दंगा, आणि जूनमध्ये घरी परतल्यावर लक्षात येतं की झोपतानाची प्रार्थना पार विसरली गेली. एकदम सगळं लावायला जाऊ नका. पहिला आठवडा फक्त ताटावरची, दुसऱ्या आठवड्यात झोपताना नावांची, आणि तीन प्रश्न शाळा सुरू झाल्यावर, कारण तेव्हा सांगायलाही काहीतरी असतं.